दुर्गाची आगगाडी : ‘पथेर पांचाली’ची कादंबरी आणि चित्रपट

27 ऑक्टोबर 1952 या दिवशी पश्चिम बंगालमधल्या पालसिट गावाजवळच्या माळावर काही तरुण भाड्याचा कॅमेरा घेऊन जमले होते. माळभर काश या उंच गवताचे पांढरे तुरे फुलले होते. दिग्दर्शक एका जाहिरात संस्थेत चित्रकार म्हणून नोकरी करत होता आणि चित्रपट दिग्दर्शित करण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती. कॅमेरा सांभाळणाऱ्या विशीतल्या सुब्रत मित्र यांनी त्याआधी चलच्चित्राचा कॅमेरा कधी चालवला नव्हता. त्या दिवशी काशाच्या रानात बहिणीला शोधणाऱ्या लहान भावाचे काही तुकडे चित्रित झाले. राहिलेले काम पूर्ण करायला मंडळी काही दिवसांनी परतली, तेव्हा गुरांनी सगळे तुरे खाऊन टाकलेले होते आणि माळ उघडा पडला होता. पुढच्या मोसमात काश पुन्हा फुलेपर्यंत थांबावे लागले.

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’च्या जन्माची ही हकिगत पुष्कळांना ठाऊक आहे. तिच्यातली एक गोष्ट मात्र मला फार महत्त्वाची वाटते आणि तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. चित्रीकरणाची सुरुवात ज्या प्रसंगाने झाली, तो प्रसंग बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीत या रूपात नाही. काशाच्या रानातून धावत जाऊन भावंडांनी आगगाडी पाहणे हे आज या चित्रपटाचे सर्वांत ओळखीचे दृश्य आहे. कादंबरीत मात्र त्यांतल्या बहिणीला, दुर्गाला, आगगाडी शेवटपर्यंत दिसत नाही. पुस्तकावर जीव असलेल्या माणसाने आपल्या कामाचा श्रीगणेशा पुस्तक बदलूनच केला होता.

चित्रपट मूळ पुस्तकापेक्षा सरस ठरू शकतो का, हा प्रश्न निघाला की आपल्याकडे बहुधा जमाखर्च मांडला जातो. पुस्तकातले अमुक प्रसंग आले, तमुक गाळले, अमुक पात्र मनासारखे उतरले, तमुक उतरले नाही. असा हिशेब मांडणाऱ्याला पुस्तकच नेहमी मोठे दिसणार, कारण तीनशे पानांत जेवढे मावते तेवढे दोन तासांत मावत नाही आणि खर्चाची बाजू आधीच ठरलेली असते. या प्रकरणात मला वेगळा प्रश्न विचारायचा आहे. गाळल्यामुळे आणि जागा बदलल्यामुळे उरलेल्या प्रसंगांमध्ये असे काही नवे नाते तयार झाले का, की जे पुस्तकात नव्हते आणि पुस्तकातल्या नात्यापेक्षा अधिक खरे वाटते? ‘पथेर पांचाली’च्या बाबतीत माझे उत्तर होकारार्थी आहे. एक कलाकृती म्हणून हा चित्रपट मी कादंबरीपेक्षा सरस मानतो. तरीही कादंबरीतल्या दोन-तीन जागा अशा आहेत, की तिथे चित्रपट पोहोचत नाही आणि पोहोचू शकलाही नसता. त्या जागा दाखवल्यावाचून पहिले विधान करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

कादंबरीतून चित्रपटाकडे

कादंबरी आधी ‘विचित्रा’ या मासिकात क्रमशः आली आणि 1929 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिचे तीन भाग आहेत. ‘बल्लाली बालाई’ हा पहिला भाग इंदिर ठाकरून या वृद्धेचा आहे. (ठाकरून हा बंगालीत वडीलधाऱ्या ब्राह्मण बाईसाठी आदराने वापरला जाणारा शब्द.) कुलीन ब्राह्मणांमध्ये एकेका पुरुषाने अनेक लग्ने करायची आणि बायकांनी माहेरीच जन्म काढायचा, या प्रथेत तिचे आयुष्य गेलेले आहे, राजा बल्लाल सेनाच्या नावाशी जोडलेली ही प्रथा हाच पहिल्या भागाच्या शीर्षकातला ‘बल्लाली’ उपद्रव. ‘आम आँटीर भेंपू’ या दुसऱ्या आणि सर्वांत मोठ्या भागात दुर्गा आणि तिचा लहान भाऊ अपू यांचे बालपण येते आणि शेवटी निश्चिंदिपूर गाव सुटते. आंब्याच्या कोयीची पिपाणी, असा त्या नावाचा अर्थ. ‘अक्रूर संवाद’ या तिसऱ्या भागात कुटुंब काशीला राहते, बाप हरिहरचा मृत्यू होतो आणि आई सर्वजयाला एका श्रीमंत घरी स्वयंपाकीण म्हणून राहावे लागते.

या कादंबरीची राय यांच्याशी पहिली खरी गाठ पडली ती चित्रकार म्हणून. 1944 च्या सुमारास सिग्नेट प्रेसचे दिलीपकुमार गुप्त यांनी तिची मुलांसाठी संक्षिप्त आवृत्ती काढायचे ठरवले आणि त्या आवृत्तीची चित्रे काढायचे काम राय यांच्याकडे आले. या मजकुराचा चांगला चित्रपट होईल, हेही गुप्त यांनीच त्यांना सुचवले, असे राय यांनी पुढे सांगितले आहे. संक्षिप्त आवृत्तीचे नावही ‘आम आँटीर भेंपू’, म्हणजे मधल्या भागाचेच.

हा तपशील मी मुद्दाम पुढे ठेवतो, कारण या प्रकरणाची किल्ली मला इथे सापडते. चित्रपटाची पटकथा होण्याच्या कितीतरी आधी राय यांच्या हाती आधीच कापलेले पुस्तक आले होते आणि त्यातला कोणता क्षण चित्रात धरायचा, कोणता सोडायचा, हे ठरवण्याचा सराव त्यांना पानोपानी झाला होता. पुस्तकासाठी चित्रे काढणाऱ्याला लेखकाचे वाक्य चित्रात उतरवता येत नाही. त्या वाक्याच्या आसपास डोळ्याला काय दिसले असेल, ते त्याला शोधावे लागते. पुढे चित्रपटाची रीतसर बांधलेली पटकथा अशी झालीच नाही. होती ती रेखाटने आणि टिपणे. 1950 मध्ये नोकरीच्या निमित्ताने ते काही महिने लंडनला राहिले, तेव्हा त्यांनी शंभराच्या आसपास चित्रपट पाहिले आणि इटलीतल्या दे सिका यांच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’ने त्यांचा निश्चय पक्का केला. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला बिभूतिभूषण गेले. चित्रपटाची परवानगी त्यांच्या पत्नी रमा यांनी दिली.

पैशांअभावी काम कितीदा थांबले, विम्याचे पैसे आणि पत्नीचे दागिने कसे कामी आले आणि शेवटी पश्चिम बंगाल सरकारने पैसे कसे दिले, याची कहाणी इथे लांबवत नाही. या दीर्घ काळात अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा वाढली नाही आणि ऐंशीच्या घरातल्या चुनीबाला देवी, म्हणजे इंदिर ठाकरून, मरण पावल्या नाहीत, हे तीन चमत्कार घडले म्हणून चित्रपट पुरा झाला, असे राय म्हणत.

इंदिर ठाकरूनचा मृत्यू दोनदा

कादंबरीत इंदिर ठाकरून पहिल्या भागाच्या शेवटी मरते. त्या वेळी अपू अगदी तान्हा आहे. सर्वजयाने घराबाहेर काढलेली म्हातारी आजारी अवस्थेत परत येते, सर्वजया तिला थारा देत नाही, ती पाय ओढत निघून जाते आणि गावातल्या एका परक्या घराच्या आवारात, चार माणसांच्या देखत तिचा जीव जातो. तिच्या मृत्यूबरोबर निश्चिंदिपूरमधला जुना काळ संपला, असे सांगून बिभूतिभूषण तो भाग मिटवतात. ते वाक्य फार मोठे आहे. एका म्हातारीच्या मरणाने एका युगावर पडदा टाकावा, ही ताकद गद्याचीच. शतकभर मागे जाऊन एका दमात परत येणे लेखणीला जमते, कॅमेऱ्याला जमत नाही.

राय यांनी हे वाक्य सोडून दिले आणि म्हातारीला पाच-सहा वर्षे अधिक जगवले. वरवर पाहता ही केवळ सोय वाटेल, कारण चुनीबाला देवींसारखी अभिनेत्री सापडल्यावर तिला पहिल्या वीस मिनिटांत कोण घालवून देईल? बदलाचा परिणाम मात्र सोयीपुरता राहिलेला नाही. आता म्हातारी अपूची गोष्टी सांगणारी आजी होते, दुर्गाने दुसऱ्यांच्या बागेतून आणलेली फळे चोरून खाणारी भागीदारीण होते आणि सर्वजयाच्या रिकाम्या डब्यांच्या स्वयंपाकघरातले एक जास्तीचे तोंडही होते.

तिच्या शेवटच्या दिवशी चित्रपटात काय घडते, ते नीट पाहावे. म्हातारी काठी टेकत अंगणात येते. आपल्याला बरे नाही, शेवटचे दिवस इथेच काढावेत, असे तिला वाटते. सर्वजया कामातून मान वर करते, पण तिला राहा म्हणत नाही. म्हातारी पाणी मागते. ते तिने स्वतःच घ्यावे, असे तिला कळते. ती गडूतून पाणी पिते आणि तळाशी उरलेले पाणी अंगणातल्या एका रोपाला घालते. मग ती उठून निघते. बस, एवढेच. रोपाला पाणी घालण्याच्या त्या कृतीवर कॅमेरा रेंगाळत नाही, तिथे संगीत नाही. पण ज्या घराने तिला जागा नाकारली, त्याच घरातल्या एका झाडाची काळजी तिने जाता जाता घेतलेली असते आणि सर्वजयाने ते पाहिलेले असते. त्या वेळचा करुणा बॅनर्जी यांचा चेहरा मला या चित्रपटातला सर्वांत अवघड चेहरा वाटतो. तिथे निर्दयपणा आहे, त्याची लाज आहे आणि लाज वाटूनही न हलण्याचा हट्ट आहे. पोटच्या दोन मुलांना पुरेसे नसताना तिसऱ्याला काय वाढायचे, हा सर्वजयाचा हिशेब चुकीचा आहे, असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. कादंबरी वाचताना मला सर्वजयाचा राग आला होता. चित्रपट पाहताना तो राग धरून ठेवता येत नाही.

हे घडते त्याच दिवशी मुले भांडून लांब गेलेली आहेत. काशाच्या रानात त्यांना विजेचे खांब लागतात, तारांची गुणगुण ऐकू येते, आगगाडी येते, काळा धूर पांढऱ्या तुऱ्यांवरून सरकत जातो. तिथून परत येताना, हसत-खिदळत, ती बांबूच्या बेटात शिरतात. म्हातारी गुडघ्यांवर मान टाकून बसलेली दिसते. दुर्गाला वाटते, झोप लागली असेल. ती हलवते, तशी म्हातारी एका बाजूला कलंडते आणि तिचा गडू उतारावरून गडगडत जातो. तिची तिरडी जाते तेव्हा तिनेच रात्री एकटीने म्हटलेले गाणे, दिवस सरला, सांज झाली, हरी आता पार कर, पुन्हा ऐकू येते.

कादंबरीत वर्षांच्या अंतरावर असलेल्या दोन गोष्टी, आगगाडीची ओढ आणि म्हातारीचे मरण, इथे एकाच दुपारच्या झाल्या आहेत. दुपारच्या एका टोकाला मुले गावाबाहेरचे जग पाहतात आणि दुसऱ्या टोकाला मृत्यू पाहतात, मधले अंतर काही पावलांचे. बिभूतिभूषणांनी म्हातारीच्या मरणाने जुना काळ संपल्याचे सांगितले. राय यांनी गाडी आणि गडू शेजारीशेजारी ठेवले आणि ‘जुना काळ’ हा शब्द कोणाच्याही तोंडी न येता तो संपला. शिवाय पुढे दुर्गा आजारी पडते तेव्हा मरण म्हणजे काय, हे अपूला आणि आपल्याला आधीच कळलेले असते. कादंबरीत दुर्गाचा मृत्यू एकटा उभा आहे. चित्रपटात तो आधीच्या मृत्यूवर टेकलेला आहे. ज्या नव्या नात्याबद्दल मी वर म्हटले, ते हेच. केवळ या एका फेरमांडणीसाठीही मी चित्रपटाला झुकते माप देईन.

हरिहर परततो

दुसरी जागा आहे हरिहरच्या परतण्याची. कमाईसाठी महिनोन्महिने बाहेर राहिलेला बाप घरी येतो. वादळाने घर मोडले आहे. दुर्गा गेल्याचे त्याला माहीत नाही. कादंबरी आणि चित्रपट यांत इथपर्यंत फरक नाही. आणलेल्या वस्तू तो एकेक करून काढतो, तेही दोन्हीकडे आहे. फणसाच्या लाकडाचे पोळपाट-लाटणे, लक्ष्मीची तसबीर. कादंबरीत मग मुलीची चौकशी होते आणि सर्वजया शब्दांत फुटते : दुर्गा आता कुठली, ती आपल्याला फसवून निघून गेली. मूळ बंगालीत ते बोल अगदी घरगुती आहेत आणि वाचणाऱ्याच्या पोटात कालवतात.

चित्रपटात हरिहर दुर्गासाठी आणलेली साडी सर्वजयाच्या हातात देतो. इतका वेळ दगडासारखी बसलेली सर्वजया ती साडी दातांत धरते आणि तिचे तोंड उघडते. पण ऐकू येते ती तारशहनाई, हे गजाने वाजवायचे तंतुवाद्य. रविशंकरांनी या चित्रपटाचे संगीत एका रात्रभराच्या बैठकीत ध्वनिमुद्रित केले होते आणि त्यातला हा तुकडा पटदीप रागाचा आहे. वरच्या सप्तकात चढत जाणारा तो सूर सर्वजयाच्या रडण्याच्या जागी येतो. आईचा आक्रोश आपल्याला दिसतो, पण ऐकू येत नाही. हरिहरला काय सांगितले गेले, ते आपल्या कानांवर पडत नाही. त्याचे कोसळणे तेवढे दिसते.

लेखकाने लिहिलेले उत्तम शब्द दिग्दर्शकाने काढून टाकले, हा अपराध मानावा का? मी मानत नाही. पानावरचे शब्द वाचक आपल्या मनातल्या आवाजात वाचतो आणि त्याने त्या आवाजात त्याचे स्वतःचे दुःखही मिसळलेले असते. तेच शब्द पडद्यावर एका विशिष्ट स्त्रीच्या आवाजात ऐकू आले असते, तर ते फक्त तिचे झाले असते. शब्द काढून सूर ठेवल्याने प्रत्येक प्रेक्षकाला त्या जागी आपापले शब्द घालता आले. वाचकाला पुस्तक जी मोकळीक देते, तीच चित्रपटाने वेगळ्या वाटेने परत दिली. पुस्तकाशी इमान राखणे म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी हा प्रसंग दाखवीन.

गिधाडाचे अंडे

आता दुसरी बाजू. कादंबरीत अपूला वडिलांच्या पोथ्यांत ‘सर्व-दर्शन-संग्रह’ नावाचे एक जुने पुस्तक सापडते. गिधाडाच्या अंड्यात पारा भरून ते उन्हात ठेवावे आणि मग तोंडात धरावे, म्हणजे माणसाला आकाशात उडता येते, असे त्यात लिहिलेले असते. अपू ते शब्दशः खरे मानतो. गिधाडाचे घरटे कुठे असते, याची तो गुराख्यांकडे चौकशी करत फिरतो आणि अखेर आपल्याजवळचे पैसे आणि जीव की प्राण असलेल्या कवड्या देऊन एका गुराख्याकडून अंडी मिळवतो. पारा कुठून आणायचा, एवढेच बाकी राहते. आणि मग एक दिवस दुर्गाच्या हातून अंडी नकळत फुटतात. इतक्या साध्या घटनेत एका मुलाचे अख्खे आकाश फुटते. बिभूतिभूषण इथे अपूकडे पाहून हसत नाहीत. तो जितका गंभीर, तितकेच तेही गंभीर राहतात.

हा प्रसंग चित्रपटात नाही. महाभारतातल्या कर्णासाठी अपू व्याकूळ होतो, जमिनीत रुतलेले रथाचे चाक उपसणारा तो एकाकी योद्धा मनात घेऊन एक काठी हातात धरून रानात एकट्याने लढाया लढतो, तेही नाही. चित्रपटात या सगळ्यासाठी एकच जागा आहे : गावात आलेली जात्रा, म्हणजे बंगालचे लोकनाट्य, पाहून आल्यावर अपू चकचकीत कागदाचा मुकुट आणि मिशी लावून आरशात पाहतो. ते दृश्य गोड आहे, पण आपण तिथे अपूला बाहेरून पाहतो. कादंबरीत आपण त्याच्या आत असतो. या मुलाचा पुढे लेखक होणार, याची बीजे कादंबरीत इथेच पडतात. चित्रपटातला अपू मोठ्या डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार राहतो. सुबीर बॅनर्जी यांच्या डोळ्यांनी या भूमिकेत फार काही पेलले आहे, तरी गिधाडाचे अंडे डोळ्यांत मावत नाही.

म्हणूनच चित्रपटात नकळत दुर्गा मोठी झाली, असे माझे निरीक्षण आहे. तिचे आयुष्य दिसणाऱ्या गोष्टींचे आहे : झाडावर चढणे, कैऱ्या तिखट-मीठ लावून खाणे, पावसात गोल फिरणे, मार खाणे. उमा दासगुप्ता यांच्या देहबोलीने त्या गोष्टी जिवंत होतात. कॅमेऱ्याला जे कळते ते दुर्गाजवळ आहे, अपूजवळ नाही. कादंबरी अपूची होती. चित्रपट दुर्गाचा झाला, आणि सर्वजयाचा.

पुण्यातल्या चित्रपट रसास्वादाच्या वर्गांत हा चित्रपट वर्षानुवर्षे दाखवला जातो आणि त्यामुळे आपल्याकडे पुष्कळांची ‘पथेर पांचाली’शी पहिली ओळख पडद्यावरच होते, पुस्तक भाषांतरातून नंतर हाती येते किंवा येतच नाही. माझेही तसेच झाले. चित्रपट आधी पाहिलेल्या वाचकाला कादंबरीचा पहिला भाग लांबलेला वाटतो आणि तिसरा भाग परका वाटतो, असा माझा अनुभव आहे. पण तो अनुभव कादंबरीवर अन्याय करणारा आहे, हे दुसऱ्या वाचनात कळले. राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, 1954 मध्ये, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आपल्या ‘श्यामची आई’ला मिळाले आणि तिसऱ्या वर्षीचे ‘पथेर पांचाली’ला. दोन्ही चित्रपट पुस्तकांवरून केलेले, दोन्हींत कर्जाने आणि गरिबीने पिचलेले गावाकडचे घर आणि त्या घरातली मानी आई. साने गुरुजींच्या पुस्तकात मोठा झालेला श्याम एकेका रात्री आठवणी सांगतो, त्यामुळे प्रत्येक प्रसंगाचा अर्थ निवेदकाच्या तोंडून येतो. बिभूतिभूषणांचा निवेदकही वेळोवेळी पुढे येऊन बोलतो. निवेदकाचा हा आवाज पडद्यावर आणायचा, की सोडायचा, हा अशा प्रत्येक पुस्तकापुढचा खरा पेच आहे, आणि राय यांनी तो आवाज पूर्णपणे सोडून दिला.

त्याची मोठी किंमत शीर्षकात मोजावी लागली. कादंबरीच्या अगदी शेवटी, गावापासून दूर असलेला अपू निश्चिंदिपूरला परत जाता यावे म्हणून मनोमन देवाला विनवतो, तेव्हा वाटेची देवता हसून त्या खुळ्या पोराला सांगते, की तुझी वाट तुमच्या गावच्या बांबूच्या बेटापाशी संपलेली नाही; ती पुढे, देशामागून देश ओलांडत, किती पुढे जाणार आहे. वाटेचे गाणे या नावाचा अर्थ तिथे उलगडतो. चित्रपट कुटुंब बैलगाडीत बसून निघते तिथे थांबतो आणि रिकाम्या घरात एक साप शिरतो. शेवट म्हणून हे दृश्य अचूक आहे. पण ज्या परिच्छेदामुळे कादंबरीला तिचे नाव मिळाले, तो परिच्छेद तिच्यावरच्या चित्रपटात नाही, आणि वाट अजून बाकी आहे हा दिलासाही त्यात नाही. या चित्रपटाच्या पुढच्याच वर्षी आलेल्या ‘अपराजितो’ या त्याच्या पुढच्या भागात राय यांनी काशीचा भाग घेतला, तरी ती देवता तिथेही बोलली नाही.

करंडा आणि माळ यांचे पाहा. कादंबरीत गाव सोडताना अपूला फळीवरच्या भांड्यात सोन्याचा कुंकवाचा करंडा सापडतो. त्याच्या चोरीच्या आळापायी दुर्गाने मार खाल्लेला असतो. अपू तो बांबूच्या बेटात भिरकावून देतो. चित्रपटात त्या जागी मण्यांची माळ आहे आणि ती तळ्यात पडते. पाण्यावरचे शेवाळ क्षणभर बाजूला होते आणि मग हळूहळू सरकत येऊन ते भोक बुजवून टाकते. सोन्याऐवजी मणी आल्याने चोरी लहान मुलीची झाली आणि बेटाऐवजी तळे आल्याने गुपित मिटताना डोळ्यांना दिसले. असा बदल सुचायला पुस्तक पाठ असावे लागते.

राहिली आगगाडी. कादंबरीत भावंडे हरवलेल्या वासराच्या शोधात निघून रेल्वेचा रस्ता पाहायला दूरवर जातात, पण वाट चुकून हात हलवत परततात. पुढे अपू वडिलांबरोबर परगावी जाताना रूळ ओलांडतो. गाडीला अजून दोन तास आहेत, थांबायला वेळ नाही, असे म्हणून बाप त्याला पुढे नेतो. दुर्गा तापात असताना अपूला म्हणते, मी बरी झाले की मला एक दिवस रेलगाडी दाखवशील? चित्रपटातही ती अंथरुणात पडून पुन्हा गाडी पाहायला जाण्याचे बोलते, पण तिथे गाडी तिच्यासमोरून एकदा तरी गेलेली असते. रानात धावताना ती अडखळली, अपू पुढे गेला, तरी धूर तिने पाहिला, धडधड ऐकली. कादंबरीतल्या दुर्गाला तेवढेही मिळत नाही.

आणि म्हणून कादंबरीत गाव सोडून अपू पहिल्यांदा गाडीत बसतो, तेव्हा जे घडते ते चित्रपटाला कधीच दाखवता आले नसते. गाडी सुटते, ओळखीची झाडे मागे पडू लागतात आणि अपूला वाटते, की दीदी गावाच्या वेशीवर, जांभळीच्या झाडाखाली उभी राहून या गाडीकडे पाहते आहे. तिला कोणी बरोबर घेतलेले नाही. तो मनात तिला सांगू लागतो : मी निघून गेलो नाही गं, मी तुला विसरलो नाही, मुद्दाम टाकूनही आलो नाही, ही माणसेच मला घेऊन चालली आहेत.